मावशीची शुगर

वजनमापं खात्याच्या इन्स्पेक्टरांनी आयुष्यभर एकच काम मन लावून केलं होतं. दुसऱ्याच्या दुकानात शिरायचं, हात पाठीमागे बांधून तराजूसमोर उभं राहायचं, चष्मा नाकावर खाली घ्यायचा आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. ते बाजारात वळले की फळवाले वजनं धुवायला लागायचे आणि वाणी एकदम आजारी पडायचे. हा दरारा घराच्या उंबऱ्यापर्यंत टिकायचा. आत बायको होती, सासूबाई होत्या आणि मावशी होती, आणि या तिघींपैकी कोणालाही घाम फुटत नसे.

मावशी म्हणजे मांजर. मांजर ही वाघाची मावशी, एवढ्या आधारावर मुलीने कॉलेजात असताना हे नाव ठेवलं. मुलगी लग्न करून गेली, मावशी राहिली. इन्स्पेक्टरांचे आणि तिचे संबंध एका जिन्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखे होते. ओळख होती, जाणं-येणं नव्हतं.

तर ही मावशी अचानक पाणी फार प्यायला लागली. भांडंभर पाणी प्यायची, दुप्पट खायची आणि तरी वाळत चालली होती. बायकोने तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि मधुमेह असल्याचं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ कानाच्या कडेला बारीकसं टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्रात आकडा बघायचा, मग खायला घालायचं आणि मग इन्सुलिन. नीट पाळलं तर पुष्कळ वर्षं जगेल, म्हणाल्या. फक्त डोस आपल्या मनाने बदलायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगताना इन्स्पेक्टरांकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंना माणसांचंही थोडंफार कळत असावं.

खरं तर बायको हे सगळं करणार होती. पण यंत्र, पट्टी आणि आकडा हे तीन शब्द एका वाक्यात आल्यावर इन्स्पेक्टरांनी गप्प बसणं शक्यच नव्हतं. मोजमाप आलं की ते आपलं खातं, असं त्यांनी जाहीर केलं. बायको म्हणाली, "अहो, ती तराजू नाहीये." हा शेरा त्यांनी कामकाजातून काढून टाकला.

पहिली मोजणी सकाळी चहाआधी झाली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. त्यावर यंत्र, पट्ट्यांची डबी, सुया आणि कापूस एका ओळीत मांडला गेला. इन्स्पेक्टरांनी बाह्या सरसावल्या, घसा खाकरला आणि "मावशी" अशी हाक मारली. आवाज तोच होता, जो ऐकून किराणा दुकानदार मागच्या दाराने निघून जात. मावशीने मागचं दार नसल्यामुळे कपाटावर उडी घेतली. तिथून तिला काढण्यासाठी स्टूल, छत्री आणि सासूबाईंची शाल या साधनांचा क्रमाने वापर झाला. शेवटी शालीत गुंडाळलेली, कान मागे टाकलेली, डोळ्यांच्या बशा झालेली मावशी टेबलावर आली. इन्स्पेक्टरांच्या उजव्या हातावर नकाशात नद्या दाखवतात तशा रेषा उमटल्या होत्या. थेंब मिळाला. आकडा आला साडेचारशेच्या वर.

संध्याकाळी ते ऑफिसातून आले तेव्हा मावशी सोफ्यावर गाढ झोपली होती. ही संधी साधून त्यांनी झोपेतच टोचलं. ती जागी होऊन शिव्या घालेपर्यंत आकडा आलासुद्धा होता. दीडशे.

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. सकाळी डोंगर, संध्याकाळी दरी. कधी सकाळीच दरी आणि संध्याकाळी डोंगर. इन्स्पेक्टरांना आयुष्यात अनेक लबाड मापं भेटली होती, पण ती सगळी एकाच बाजूला खोटी असत. वाण्याचा काटा कमी दाखवतो तर कमीच दाखवतो, त्यात एक प्रामाणिकपणा असतो. ही मावशी दोन्हीकडून फसवत होती.

मग त्यांनी तज्ज्ञ माणसासारखा संशय यंत्रावर घेतला. यंत्र तपासायला दुसरं यंत्र आणलं. दुसऱ्याने पहिल्यापेक्षा थोडा वेगळा आकडा दाखवला, तेव्हा दोन्ही यंत्रांवर संशय घेतला. स्वतःचं बोट टोचून पाहिलं, बायकोचं टोचून पाहिलं. सासूबाईंनी बोट पदराखाली लपवलं आणि, जावईबापू, माझं माप आता वर गेल्यावरच होऊ दे, असं सांगून त्या देवाचं नाव घ्यायला बसल्या. घरातल्या माणसांचे आकडे अगदी सज्जन आले. म्हणजे यंत्र सज्जन होतं. पण एवढ्यावर थांबतील तर ते इन्स्पेक्टर कसले. त्यांनी यंत्राच्या अचूकतेबद्दल आपल्याच खात्याकडे रीतसर विचारणा केली. काही दिवसांनी उत्तर आलं की सदर उपकरण या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसून योग्य त्या कार्यालयाशी संपर्क साधावा. वाक्य वाचताना त्यांना ओळखीचं वाटलं. मसुदा त्यांनीच पूर्वी तयार करून दिला होता आणि तो सगळ्या खात्यात अतिशय गाजला होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच समजलं.

औषधाच्या दुकानातही सरळ काही घडलं नाही. दुकानदाराच्या कॉम्प्युटरला आडनावाशिवाय रोगी मान्य नव्हता, म्हणून मावशीला इन्स्पेक्टरांचं आडनाव लागलं. पुढे श्री, श्रीमती की कुमारी, असा प्रश्न आला. मावशीच्या पूर्वायुष्याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता, म्हणून कुमारी ठरलं. वय वर्षं नऊ. मग वजन विचारलं. इन्स्पेक्टरांनी चार किलो सांगितल्यावर दुकानदाराचा हात थांबला. नऊ वर्षांच्या पोरीला तुम्ही खायला घालता की नाही, असं त्याने मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मांजर आहे म्हटल्यावर रांगेतल्या सगळ्यांना हायसं वाटलं आणि सगळे एकदम सल्ले द्यायला लागले. एकाने जेवल्यावर तिला चालवत जा म्हणून सांगितलं. एका बाईंनी कुठला तरी कडू रस सुचवला. मांजर तो पिईल कसा, असं विचारल्यावर, माझे मिस्टर तरी कुठे मुकाट्याने पितात, असं त्या म्हणाल्या.

ऑफिसात वेगळाच घोळ झाला. सकाळच्या कुस्तीमुळे इन्स्पेक्टर रोज उशिरा पोचायला लागले. आजवर त्यांना उशीर झालेला कोणी पाहिला नव्हता, म्हणून मोठ्या साहेबांनी बोलावून काळजीने विचारलं. इन्स्पेक्टर म्हणाले, मावशीची शुगर वरखाली होतेय. हे शब्दशः खरं होतं. साहेबांचे डोळे पाणावले. त्यांची आई याच दुखण्याने गेली होती. या वयात कोण करतं हो मावशीचं, असं म्हणून त्यांनी इन्स्पेक्टरांच्या ओरखडलेल्या हातांकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. फार त्रास देतात का? इन्स्पेक्टर म्हणाले, चावते. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली. शेवटी शेवटी होतं असं.

त्याच क्षणी खुलासा करायला हवा होता. पण आदराने बोलणारा वरिष्ठ ही गोष्ट इन्स्पेक्टरांच्या नोकरीत इतकी दुर्मीळ होती, की ती मोडवेना. उशिरा येण्याची परवानगी मिळाली. सहकारी दारात अडवून मावशींची विचारपूस करायला लागले. इन्स्पेक्टरही मावशीबद्दल बोलताना एकवचनातून आदरार्थी अनेकवचनात सरकले आणि काही दिवसांनी त्यांना स्वतःलाच आपण भला माणूस असल्यासारखं वाटायला लागलं.

इकडे सकाळचे आकडे हट्टाने वरच होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून ते वाचून दाखवले. बाईंनी डोस किंचित वाढवला. दोन दिवसांत फरक दिसेना, तेव्हा इन्स्पेक्टरांनी तो आणखी किंचित वाढवला. कोणाला सांगितलं नाही. शिस्तीचा माणूस नियम मोडतो तेव्हा तो नियमाच्या भल्यासाठीच मोडतो, अशी त्यांची स्वतःबद्दल समजूत होती.

रविवार आला. सकाळी मावशीची आणि त्यांची नेहमीची झटापट झाली, आकडा नेहमीसारखा आभाळाला भिडला, आणि त्यांनी वाढवलेला डोस टोचला. खरं तर आधी खाणं आणि मग इंजेक्शन. पण आज मावशीने ताटलीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खाईल मागून, असं म्हणून त्यांनी ताटली पलंगाखाली सरकवली. तेवढ्यात घंटी वाजली.

दारात मोठे साहेब होते. बरोबर ऑफिसातले दोघे, हातात फळांची पिशवी. मावशींना भेटायला आलो, म्हणाले. इन्स्पेक्टरांचा चेहरा वजन काढून घेतलेल्या पारड्यासारखा वर गेला. त्यांनी पाहुण्यांना बसवलं आणि मावशींना आत्ताच डोळा लागलाय असं सांगितलं. नेमक्या त्याच वेळी पांढऱ्या साडीतल्या सासूबाई पाणी घेऊन बाहेर आल्या. साहेब ताडकन उठले, वाकून त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, आता चावायचं नाही हं कोणाला."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. त्यांनी एकदा साहेबांकडे आणि एकदा जावयाकडे पाहिलं. त्या दुसऱ्या बघण्यात लग्नापासूनचा सगळा हिशेब होता.

खुलासा करायला इन्स्पेक्टरांनी तोंड उघडलं, पण पुन्हा घंटी वाजली. या वेळी सोसायटीचे सेक्रेटरी होते. वरच्या मजल्यावर राहणारे, निवृत्त, स्वतः जुने मधुमेही आणि तक्रार हाच ज्यांचा व्यायाम असे गृहस्थ. त्यांच्या हातात प्लास्टिकची बरणी होती. वापरलेल्या सुया इन्स्पेक्टर एका बरणीत साठवत आणि बरणी भरली की टाकून देत. पण तशीच टाकून देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी झाकणाला तार गुंडाळून त्यावर शिशाचं सरकारी सील ठोकलं होतं. सील पाहून कचरा नेणाऱ्याने बरणीला हात लावायलाच नकार दिला आणि सबंध इमारतीत बातमी पसरली की खालच्या मजल्यावर सुयांची नशा चालते आणि तीही सरकारमान्य.

सेक्रेटरींनी बरणी टीपॉयवर ठेवली आणि सोसायटीच्या वतीने खुलासा मागितला. मोठ्या साहेबांनी चष्मा लावला. बरणी फिरवून पाहिली. सील ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, त्याच्या वापराचा हिशेब दर महिन्याला त्यांच्याच सहीने वर जात असे.

"हे सील आपल्या खात्याचं आहे?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

इन्स्पेक्टर उभे होते. समोर साहेब, डावीकडे सेक्रेटरी, उजवीकडे सासूबाई. दुकानदाराला घाम कसा फुटतो, ते त्यांच्या मानेपासून पाठीपर्यंत सविस्तर उतरत होतं. आणि तेव्हा बेडरूमच्या दारात मावशी आली.

ती चालत होती, पण पाय तिचे नसल्यासारखे पडत होते. दोन पावलं आली, एका बाजूला झुकली, भिंतीला टेकली आणि तिथेच घसरत खाली बसली. मान हलायला लागली. डोळे उघडे होते, पण ते कोणाकडेच बघत नव्हते. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिने पलंगाखालची भरलेली ताटली पाहिली आणि विचारलं, "टोचलंत तुम्ही? न खाता?"

इन्स्पेक्टर यंत्र शोधत होते. पट्ट्यांची डबी त्यांच्या हातून पडली, पट्ट्या सगळीकडे पसरल्या आणि ते गुडघ्यांवर बसून त्या गोळा करायला लागले.

"मोजताय काय," सेक्रेटरी म्हणाले. "शुगर उतरलीय तिची. माझंही असंच होतं." आणि त्यांनी खिशातून ग्लुकोजची पुडी काढली. ती त्यांच्या खिशात कायम असे. थोड्या पाण्यात कालवून बायकोने ती बोटाने मावशीच्या हिरड्यांना चोळली. साहेबांनी गाडी काढली. सासूबाईंनी आपली शाल दिली. इन्स्पेक्टर मागच्या सीटवर बसले होते आणि मांडीवरच्या शालीतून येणारी थरथर त्यांच्या हातांना कळत होती. जास्तीचा डोस आपणच दिला, हे त्यांनी गाडीतच सांगून टाकलं. नेमकं कोणाला सांगितलं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. साहेबांनी गाडी आणखी जोरात चालवली.

मावशी वाचली. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि तिला दवाखान्याच्या मागच्या शांत खोलीत ठेवून घेतलं. बाहेरच्या बाकावर बसून साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आपण एका मांजराची काळजी करत होतो, याचं त्यांना वाईट वाटलं नाही. आपण एका परक्या बाईंना चावू नका म्हणालो, याचं मात्र फार वाटलं. जाताना ते म्हणाले की माणूस म्हणून त्यांना सहानुभूती आहे, पण सीलबद्दल लेखी खुलासा उद्या टेबलावर हवा.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आणि बायको मावशीला आणायला गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इथे तिचे आकडे अगदी शहाण्यासारखे आहेत. वाढवलेल्या डोसची तिला गरजच नव्हती, पहिला डोससुद्धा पुरत होता. मग घरी काय होत होतं? त्यांनी जरा विचार केला आणि इन्स्पेक्टरांना बाहेर बसायला सांगितलं.

काचेच्या दारातून त्यांना आतलं दिसत होतं. मावशी बायकोच्या मांडीवर पाय पोटाखाली घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी कान कुरवाळला, टोचलं, थेंब घेतला. मावशीने एवढंच केलं की जांभई दिली. मग इन्स्पेक्टरांना आत बोलावलं.

"काही करायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसतं उभं राहायचं."

ते उभे राहिले. त्यांना उभं राहण्याची एकच पद्धत येत होती. हात पाठीमागे गेले, मान पुढे आली, चष्मा नाकावर उतरला. मावशीचे कान डोक्याला चिकटले. शेपटी बाटल्या धुवायच्या ब्रशसारखी झाली. ती बायकोच्या काखेत शिरायला लागली. चहा पिऊन व्हावा एवढा वेळ सगळे तसेच थांबले आणि मग डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं.

"आता जवळजवळ दुप्पट," त्या म्हणाल्या. "घाबरली की मांजरांची साखर चढते. दोन्ही आकडे खरे आहेत. मध्ये फक्त तुम्ही आलात."

इन्स्पेक्टरांनी यंत्राकडे पाहिलं. मग दुसऱ्या यंत्राने बघू या का, असं विचारलं. बायकोने त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना बाहेर आणून बाकावर बसवलं. परतीच्या वाटेवर तिने मावशीभोवतीची शाल नीट केली. मग म्हणाली की मुलगी दहावीला होती तेव्हा तुम्ही अभ्यास घ्यायला बसलात की तिची गणितं चुकायची, आठवतंय का. त्यांना आठवत होतं. तेव्हा त्यांनी मुलीचं डोकं तपासून घ्यायचं ठरवलं होतं.

घरी सासूबाईंना सगळं कळल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही समोर येऊन बसलात की माझंही डोकं गरगरतं. मी बोलले नाही कधी." एवढं बोलून त्या आत गेल्या. बऱ्याच वर्षांचं काहीतरी उतरून ठेवल्यासारखी त्यांची चाल हलकी झाली होती.

नवी व्यवस्था लागली. मोजणीच्या वेळी इन्स्पेक्टरांनी घरात थांबायचं नाही. बायको मावशीला मांडीवर घेते, सासूबाई मावशीशी गप्पा मारतात, बायको टोचते, खायला घालते, आणि सगळं आटपल्यावर दार उघडतं. इन्स्पेक्टर सकाळ-संध्याकाळ जिन्यात. खात्यात सीलचा खुलासा मागे लागला, त्यावर चौकशी लागली, आणि चौकशीत एक सवाल असा आला की ज्यांच्या आजारपणासाठी सवलत घेतली त्या मावशींचं कर्मचाऱ्याशी नेमकं नातं काय. इन्स्पेक्टरांनी 'घरातील सदस्य' असं लिहिलं. त्यावर पुरावा मागितला गेला. त्यांनी औषधाच्या दुकानाची पावती जोडली, तिच्यावर आडनाव होतं. चौकशी अधिकाऱ्याचं समाधान झालं.

या सगळ्याचा परिणाम म्हणा, एका दुपारी ते एका कापड दुकानात शिरले. मीटरपट्टी तपासायची होती. दुकानदाराच्या हातात पट्टी थरथरायला लागली आणि इन्स्पेक्टरांच्या मनात प्रथमच शंका आली की हा चोर आहे, की नुसता मावशी झालाय. ते शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, घाबरू नका, तुम्हीच मोजा सावकाश, मी बाहेर उभा राहतो. आणि खरोखरच बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने दुकानदार बाहेर आला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि इन्स्पेक्टरांच्या खिशात एक पाकीट सरकवलं. इतक्या वर्षांत इतकं सरळ कोणी मागितलं नव्हतं, असंही म्हणाला.

पाकीट त्याच्या अंगावर फेकून, पट्टी जप्त करून इन्स्पेक्टर संतापाने लाल होऊन घरी आले. कोणावर तरी ओरडायची त्यांना अतोनात गरज होती. बायकोने दार बोटभर उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि दार लावून घेतलं. मोजणीची वेळ होती.

ते जिन्याच्या पायरीवर बसले. आतून सासूबाईंचा सूर लावून बोलल्यासारखा आवाज येत होता. मग बायकोचा आवाज आला. एकशे तीस. इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. एवढा चांगला आकडा त्यांना स्वतःला कधीच दिसला नसता.

वरून सेक्रेटरी उतरले. रोज संध्याकाळी फिरायला जाण्याआधी ते आपली शुगर बघत. आज त्यांचं यंत्र हातातच होतं, घरात नातवंडांचा गोंधळ होता म्हणून ते जिन्यात आले होते. इन्स्पेक्टरांना पाहून ते जरा थबकले, मग दोन पायऱ्या वर बसले. मावशी कशी आहे, असं त्यांनी विचारलं. बरी आहे, असं इन्स्पेक्टरांनी सांगितलं. सेक्रेटरींनी पट्टी यंत्रात घातली, बोटाला सुई लावली आणि थांबले. इन्स्पेक्टर सवयीने वळून, चष्मा खाली घेऊन, यंत्राकडे बघत होते.

"राग मानू नका," सेक्रेटरी म्हणाले, "जरा तिकडे तोंड करता का?"

इन्स्पेक्टर भिंतीकडे तोंड करून बसले. मागे सुई टोचल्याचा टक् असा आवाज झाला. मग यंत्र वाजलं. आकडा किती आला, ते त्यांनी विचारलं नाही. सेक्रेटरींनी सुस्कारा सोडलेला मात्र त्यांना ऐकू आला, आणि तो बरा वाटला.